नापासाच्या शिक्क्यानंतर

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर, रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान, भिलाई पॉवर हाउस नावाचे एक स्थानक आहे. लोहमार्गाच्या एका अंगास पोलाद कारखान्याची आखीव नगरी आहे. तेथील वसाहतींना सेक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. दुसऱ्या अंगास जी. ई. रोड, त्याला लागून भरणारा पॉवर हाउसचा बाजार, आणि त्यापलीकडे कॅम्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाट वस्त्या आहेत. रशियाच्या सहकार्याने भिलाईस पोलाद कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या बांधकामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार आणि महाराष्ट्र येथील कुटुंबे आसपासच्या छत्तीसगढी खेड्यांतील कुटुंबांशेजारी राहू लागली. ज्यांस कारखान्यात कायम नोकरी मिळाली ती नगरीत गेली. ज्यांना ती मिळाली नाही, जे कंत्राटदारांकडे किंवा लहान कारखान्यांत मजुरी करीत राहिले, त्यांतील पुष्कळ लोक रुळांच्या या बाजूस राहिले.

रुळांच्या दोन बाजूंमधील हे अंतर शिक्षणाच्या बाबतीतही जाणवत आले आहे. कारखान्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी स्वतःच्या शाळा चालविल्या आणि त्यांतील काही शाळांनी मोठा लौकिक मिळविला. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत यश मिळविणाऱ्या मुलांचे गाव म्हणून भिलाई ओळखली जाऊ लागली. पुढे, २०१६ साली, राज्यातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थाही याच नगराच्या नावाने स्थापन झाली. परंतु ज्या गावात यशाची एवढी चर्चा होते, त्या गावात अपयश अधिक एकाकी असते. निकालाच्या दिवशी गुणवत्ता यादीतील नावे वर्तमानपत्रांत झळकतात. ज्या मुलाच्या गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण' असा शब्द असतो, तो त्या दिवशी घराबाहेर पडत नाही. बहुधा आठ-पंधरा दिवसांत त्याला कोठेतरी कामास लावले जाते आणि त्याच्या शिक्षणाचा प्रश्न संपला असे घरातील माणसे मानतात.

हा प्रश्न खरोखर तेथे संपतो काय, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. दहावी-बारावीत अडलेल्या, किंवा जेमतेम गुणांनी पुढे सरकलेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालयापर्यंत पोहोचण्याच्या कोणत्या वाटा आज उपलब्ध आहेत, त्यांतील प्रत्येक वाटेस किती वेळ लागतो, आणि कोणत्या वळणावर फसगत होण्याचा संभव असतो, हे वाचकास समजावे एवढाच येथे हेतू आहे.

एका शब्दामागे दडलेल्या अनेक गोष्टी

प्रथम 'नापास' या शब्दाचा अर्थ नीट तपासून पाहणे इष्ट ठरेल. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात शंभरपैकी ३३ गुण लागतात असे समजू. एका विद्यार्थ्यास हिंदीत ६०, सामाजिक शास्त्रात ५५, विज्ञानात ४१, गणितात २८ आणि इंग्रजीत २४ गुण मिळाले. दुसऱ्यास पाचही विषयांत विशीच्या आत गुण मिळाले. दोघांच्याही निकालात त्यांना नापासच म्हटले जाईल. परंतु पहिल्या विद्यार्थ्यापुढील काम चौदा गुणांचे आहे आणि दुसऱ्यापुढील काम पाच-सहा वर्षांच्या अभ्यासाचे आहे. या दोघांना एकच सल्ला देणे म्हणजे ताप आलेल्या प्रत्येक रोग्यास एकच औषध देण्यासारखे आहे. म्हणून निकाल हाती आल्यावर पालकांनी पहिली गोष्ट करावी ती ही, की निकालाचा शब्द बाजूस ठेवून विषयवार आकडे वाचावेत.

दुसरा प्रश्न कारणांचा. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाविषयी 'डोके नाही' हे कारण सर्वांत लवकर दिले जाते आणि ते सर्वांत कमी वेळा खरे असते. कॅम्पमधील मूल घरी छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया किंवा मराठी बोलते आणि शाळेत त्याला हिंदीतून शिकावे लागते. पुढे एखाद्या वर्षी पालक हौसेने त्याला इंग्रजी माध्यमात घालतात. अशा मुलाचा बराचसा वेळ विषय समजण्यापूर्वी भाषा समजण्यातच जातो. गणितात मागे पडलेल्या मुलाचे मूळ दहावीच्या पुस्तकात क्वचितच सापडते. ते पाचवी-सहावीच्या अपूर्णांकात किंवा दशांश चिन्हात असते. त्या वर्षी आजारपण, वडिलांची बेकारी, घर बदलणे यांपैकी काहीतरी घडलेले असते. एक पायरी हुकली आणि तिच्यावरील सर्व पायऱ्या डळमळीत झाल्या, असे याचे स्वरूप असते.

कुटुंबाच्या उत्पन्नाचा संबंध तर उघडच आहे. भिलाईच्या खासगी कारखान्यांतून काढून टाकलेले कामगार आपल्या मागण्यांसाठी १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकाच्या रुळांवर बसले असता त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कित्येक कामगार मृत्युमुखी पडले. या वस्तीतील वडीलधाऱ्या माणसांस तो दिवस विसरता येत नाही. रोजगाराची अशी अनिश्चिती ज्या घरात असते त्या घरातील सोळा वर्षांचा मुलगा नापास झाला, की त्याची मजुरी ही त्याच्या पुढील शिक्षणापेक्षा अधिक निश्चित वाटू लागते. यात पालकांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पुढील वाट किती लांब आहे आणि कोठे जाते हे त्यांस कोणी सांगितलेले नसते.

अंतर मोजण्याचे दोन मार्ग

या भागातील महाविद्यालयीन शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती आणि छत्तीसगढचा प्रदेश त्याच प्रांतात मोडत असे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. छत्तीसगढमधील पहिले महाविद्यालय मात्र रायपूरला १९३८ साली निघाले. तत्पूर्वी दुर्गच्या विद्यार्थ्यास पदवीसाठी नागपूर किंवा जबलपूर गाठणे भाग होते. दुर्गचे शासकीय महाविद्यालय १९५८ मध्ये स्थापन झाले. त्यास पुढे विश्वनाथ यादव तामस्कर यांचे नाव देण्यात आले. १९६४ मध्ये रायपूरला पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावाचे विद्यापीठ आले. २०१५ मध्ये दुर्गला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. म्हणजे तीन-चार पिढ्यांच्या अवधीत महाविद्यालय अडीचशे किलोमीटरांवरून घराजवळ आले. तरीही ज्याच्या हाती बारावीचे प्रमाणपत्र नाही, त्याच्या दृष्टीने ते पूर्वीइतकेच दूर आहे.

सुरुवात उशिरा किंवा अडखळत झालेल्या माणसांनी हे अंतर कापल्याची उदाहरणे महाराष्ट्राच्या वाचकास अपरिचित नाहीत. धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी भर पावसात मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक होते. तेथे पोहोचल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही या कारणावरून त्यांस परीक्षेस बसू देण्यात आले नाही. ते परत आले, पुन्हा तयारीस लागले, आणि नंतर इंग्रजी शिक्षणाकडे वळले. मॅट्रिक होईपर्यंत त्यांनी वयाची तेविशी गाठली होती. १८८४ मध्ये त्यांनी गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी घेतली. ज्यांना वेळेवर शिकता आले नाही अशा स्त्रियांसाठी पुढे १९१६ मध्ये विद्यापीठ काढणाऱ्या या गृहस्थांस, उशिरा शिकणे म्हणजे काय हे पुस्तकातून कळलेले नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांस ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारीत हे प्रमाण ३८ च्या आत येते. एका खोलीच्या बिऱ्हाडात अभ्यास करणाऱ्या, शाळेत संस्कृत शिकू न दिल्यामुळे पर्शियन घ्यावी लागलेल्या विद्यार्थ्याचे ते गुण होते. त्यांचा सत्कार झाला तो टक्केवारीसाठी नव्हता; त्या परिस्थितीतून कोणी तेथवर पोहोचले यासाठी होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयाने त्यांस प्रवेश दिला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, आणि पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथील वर्ग सकाळी भरविण्याची व्यवस्था करण्यात आली.

अशी उदाहरणे देताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. असामान्य माणसांच्या चरित्रांवरून सामान्य विद्यार्थ्यास दिलासा मिळतो, परंतु मार्ग सापडतोच असे नाही. मात्र या दोन चरित्रांतून एक व्यावहारिक सूत्र निश्चित हाती येते. गुणपत्रिका विद्यार्थी कोठे पोहोचला ते सांगते, तो कोठून निघाला ते सांगत नाही. ज्या संस्था ही दुसरी गोष्ट विचारात घेतात, त्याच मागे राहिलेल्यांस दार उघडू शकतात.

अशा संस्था उभारण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात अनेक देशांनी केला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६० मध्ये उच्च शिक्षणाची एक योजना स्वीकारली. तीत राज्याच्या प्रमुख विद्यापीठात शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचा आठवा हिस्सा आणि राज्य महाविद्यालयांत वरचा तिसरा हिस्सा घ्यावा असे ठरले. पण सोबतच दोन वर्षांची स्थानिक महाविद्यालये सर्वांस खुली राहावीत आणि तेथे चांगले काम केलेल्या विद्यार्थ्यास मोठ्या विद्यापीठात मध्येच प्रवेश मिळावा, अशी तरतूद होती. ब्रिटनमध्ये १९६९ साली सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाने तर पूर्वीच्या परीक्षेची अटच काढून टाकली. भारतात आंध्र प्रदेशाने १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन केले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आल्यानंतर तेथेही बिलासपूरला पंडित सुंदरलाल शर्मा यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ निघाले.

पहिली वाट : पूरक परीक्षा

आता प्रत्यक्ष वाटांकडे वळू. एक-दोन विषयांत अडलेल्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत जवळची वाट पूरक परीक्षेची होय. छत्तीसगढमध्ये तिला 'पूरक' किंवा 'सप्लीमेंट्री' म्हणतात. महाराष्ट्रात पूर्वी ती ऑक्टोबरमध्ये होत असे. त्यामुळे उत्तीर्ण होऊनही विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाई आणि ऑक्टोबरचा विद्यार्थी ही एक वेगळीच जात होऊन बसली होती. २०१५ पासून महाराष्ट्राने ही फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, जुलैमध्ये, घेण्यास सुरुवात केली. या एका बदलाने पुष्कळ मुलांचे एक वर्ष वाचले.

या वाटेवरील खरी अडचण वेळेची असते. निकाल आणि पूरक परीक्षा यांत फार थोडे आठवडे असतात आणि त्यांतील पहिले दोन-तीन आठवडे लाज, राग आणि रुसवा यांत निघून जातात. अर्ज भरण्याची मुदत याच काळात संपते. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन अर्जाची तारीख विचारणे, हे कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

दुसरी वाट : मुक्त विद्यालय

ज्यांचे अधिक विषय राहिले, ज्यांची शाळा सुटून काही वर्षे झाली, किंवा जे काम सोडून शाळेत बसू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाची व्यवस्था आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये एक प्रयोग म्हणून ती सुरू केली. १९८९ मध्ये तिचे स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले आणि २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान या नावाने ओळखले जाते. छत्तीसगढ राज्याचेही स्वतःचे मुक्त विद्यालय रायपूर येथे आहे.

राष्ट्रीय संस्थानाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण नेहमीच्या शाळेपेक्षा ती मुळातच वेगळ्या विचारावर उभी आहे. विद्यार्थी पाच विषय निवडतो. त्यांत निदान एक भाषा असावी लागते. गणित सर्वांनी घेतलेच पाहिजे असे बंधन नसते. मात्र पुढे विज्ञान किंवा अभियांत्रिकीकडे जावयाचे असल्यास ते टाळणे म्हणजे स्वतःच पुढचे दार लावून घेणे होय. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि त्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. पाचही विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. जो विषय सुटला तो कायमचा सुटला. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास तेथे उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे जमा करून घेता येतात. वर उल्लेखिलेल्या पहिल्या विद्यार्थ्याची हिंदी आणि सामाजिक शास्त्र अशा प्रकारे वाचू शकतात आणि त्याच्यापुढे तीनच विषय उरतात.

या प्रमाणपत्राचा दर्जा कमी असतो असा एक समज सर्वत्र आढळतो. तो निराधार आहे. हे संस्थान केंद्र शासनाने स्थापन केलेले परीक्षा मंडळ आहे आणि त्याच्या बारावीच्या प्रमाणपत्रावर महाविद्यालयात प्रवेश मिळतो. प्रत्यक्षात अडचण असते ती वेगळीच. शाळेत घंटा होते, गुरुजी हजेरी घेतात, शेजारी मित्र बसलेला असतो. मुक्त विद्यालयात यांपैकी काहीच नसते. पुस्तके घरी येतात आणि कपाटावर पडून राहतात. पाच वर्षांची मुदत ही जशी सवलत आहे तशीच ती भूलही आहे. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत निदान दोन विषय पदरात पाडण्याचा निश्चय असल्याशिवाय ही वाट धरू नये.

तिसरी वाट : हातांच्या कामातून

भिलाईसारख्या गावात तिसरी वाट कदाचित सर्वांत नैसर्गिक म्हणावी लागेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आयटीआयमधील, वायरमनसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही घेतले जातात. फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या व्यवसायांना दहावी लागते. पुष्कळ पालक येथे मुलाचे शिक्षण संपले असे समजतात. वस्तुस्थिती तशी नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविका पूर्ण केलेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो.

याचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, अशी सरळ वाट सहा वर्षांची आहे. दहावीनंतर पदविकेची तीन आणि पदवीची उरलेली तीन, ही वाटही सहाच वर्षांची आहे. आयटीआयची दोन, पदविकेची दोन आणि पदवीची तीन अशी सर्वांत वळणाची वाट सात वर्षांची आहे. ज्या वाटेस लोक शिक्षणाचा शेवट म्हणतात, ती सरळ वाटेपेक्षा फक्त एका वर्षाने लांब आहे. शिवाय तिच्या प्रत्येक मुक्कामावर विद्यार्थ्याच्या हातात कमाईचे एक साधन असते. मध्येच घरावर संकट आले आणि थांबावे लागले तरी तो रिकाम्या हातांनी थांबत नाही.

आठवीनंतर आयटीआय केलेल्यांसाठीही सोय झाली आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थान आणि केंद्राचे प्रशिक्षण खाते यांच्यात करार झाला. त्यानुसार ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या प्रशिक्षणार्थ्यास भाषेची परीक्षा देऊन दहावीची, आणि दहावीनंतर आयटीआय केलेल्यास बारावीची समकक्षता मिळू शकते.

मात्र वाटा उघडतात तशा बंदही होतात, हे ध्यानात ठेवावे. कारखान्यांतील पदविकाधारक कामगार अनेक वर्षे 'एएमआयई' ही अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा रात्री अभ्यास करून देत आणि ती पदवीस समकक्ष मानली जाई. ३१ मे २०१३ नंतर नोंदणी केलेल्यांस ती समकक्षता राहिली नाही. वडिलांच्या वेळी खुली असलेली वाट मुलाच्या वेळी तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

बारावीनंतरचे दार

बारावी कशीबशी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न गुणांचा असतो. येथे पहिली दिलाशाची गोष्ट ही, की बहुतेक पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशात दहावीचे गुण मोजले जात नाहीत. दहावीत चाळीस टक्के मिळालेला विद्यार्थी बारावीत नव्याने सुरुवात करू शकतो.

दुसरी गोष्ट, निरनिराळ्या दारांची उंची निरनिराळी असते. राज्यातील सर्वसाधारण अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी बारावीच्या संबंधित विषयांत ४५ टक्के, आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के, एवढे गुण लागतात. भारतीय प्रौद्योगिकी संस्थांसाठी मात्र ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींतील व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस शततमकांत स्थान असावे लागते. शिवाय त्यांची अंतिम प्रवेशपरीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. भिलाईत कितीतरी घरांत मुलास केवळ या एकाच दारासमोर उभे केले जाते आणि ते न उघडल्यास तो सर्वस्वी अपयशी ठरविला जातो. त्याच रस्त्यावर दहा दारे उघडी असतात, याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक परीक्षा घेतली जाते. बिलासपूरचे गुरू घासीदास विश्वविद्यालय २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी बारावीचे गुण किमान पात्रतेपुरते पाहिले जातात आणि क्रम लागतो तो प्रवेशपरीक्षेवर. बारावीत मागे पडलेल्या, पण त्यानंतर सावरलेल्या विद्यार्थ्यास ही पद्धत अनुकूल आहे.

ज्यांस महाविद्यालयात रोज जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी या भागातील विद्यापीठांत 'स्वाध्यायी' परीक्षार्थ्याची जुनी प्रथा आहे. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यास बहिःस्थ म्हणत. घरी अभ्यास करून विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्या या वर्गात विवाहित स्त्रिया आणि नोकरदार यांचा भरणा असतो. मुक्त विद्यापीठाचा पर्याय याहून अधिक व्यवस्थित आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात कला शाखेच्या पदवीसाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते, वयाची कमाल मर्यादा नसते, आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी नसलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला होता आणि त्यातून अनेकांनी पदवी मिळविली. तथापि दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांविना घेतलेली पदवी काही नोकऱ्यांत आणि पुढील अभ्यासक्रमांत अडचणीची ठरते. तरुण वयाच्या विद्यार्थ्याने आधी मुक्त विद्यालयातून बारावी करून घेणे हेच दूरदृष्टीचे होय.

फसवणुकीचे वळण

अपयशी विद्यार्थ्याच्या घाईवर पोट भरणारी माणसे प्रत्येक बाजारात असतात. 'नापास? एका महिन्यात दहावी, तीन महिन्यांत पदवी' अशा पाट्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर दिसतात. पैसे घेऊन दिलेले असे प्रमाणपत्र अस्तित्वात नसलेल्या किंवा मान्यता नसलेल्या मंडळाचे असते. ते लगेच उघडकीस येत नाही. प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या कागदपत्रांची छाननी होते तेव्हा, म्हणजे दोन-चार वर्षांनी, ते उघडकीस येते. तोपर्यंत पैसे गेलेले असतात, वर्षेही गेलेली असतात, आणि खोटे कागद सादर केल्याचा ठपका उरतो. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. ती पाहिल्यावाचून कोठेही पैसे भरू नयेत. ज्या परीक्षेत परीक्षाच द्यावी लागत नाही, तिच्या प्रमाणपत्राने कोणतेही दार उघडत नाही, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

खऱ्या मार्गावरही कागदांची उणीव अडवते. शाळा सोडल्याचा दाखला, मंडळ बदलल्यास प्रव्रजन प्रमाणपत्र, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, तसेच मधल्या रिकाम्या वर्षांबद्दलचे शपथपत्र ही सर्व आधीच जमवून ठेवावी लागतात. कॅम्पमधील भाड्याच्या खोल्या बदलताना दाखले हरवणे ही नित्याची गोष्ट आहे. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबांस जातीचा दाखला मिळविताना विशेष त्रास पडतो. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. त्यास महिने लागतात.

मागे जाऊन पुढे येणे

मार्ग निवडल्यानंतर अभ्यासाचा प्रश्न उरतो. मागे पडलेला विद्यार्थी बहुधा तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागतो आणि पुन्हा त्याच ठिकाणी अडतो. त्याने दहावीचे पुस्तक मिटून ठेवावे आणि पाचवी, सहावी, सातवीच्या पुस्तकांतील उदाहरणे क्रमाने सोडवीत यावे. जेथे पहिल्यांदा हात थांबेल तेथे त्याचा खरा वर्ग आहे. सतरा वर्षांच्या मुलास पाचवीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा वाटतो. पण ज्या कामास पाच वर्षे लागली होती ते प्रौढ बुद्धीस काही महिन्यांत साधते.

दुसरे असे, की वाचणे आणि आठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टींपैकी मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच विसरला जातो, मात्र अंतराअंतराने उजळणी केल्यास विसरणे मंदावते, असे त्याने दाखवून दिले. नंतरच्या संशोधनाने त्यात भर घातली, की पुस्तक पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून स्वतःस प्रश्न विचारणे अधिक फलदायी असते. कामावरून आठ वाजता परतणाऱ्या मुलाजवळ रोज दीड तास असेल. त्यातील अर्धा तास कालचे न पाहता लिहून काढण्यात गेला तर तो वाया गेला असे मानू नये.

प्रवेश म्हणजे शेवट नव्हे, हेही सांगितले पाहिजे. महात्मा गांधी १८८७ मध्ये सुमारे ४० टक्के गुणांनी मॅट्रिक झाले. पुढील वर्षी भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात गेले आणि तेथील व्याख्याने समजेनात म्हणून एका सत्रानंतर घरी परतले. दार उघडणे आणि आत टिकणे यांस वेगवेगळी तयारी लागते. ज्या विद्यार्थ्याचा पाया कच्चा होता, त्याला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी सर्वांत अधिक मदत लागते, आणि नेमक्या त्याच वर्षी त्याचे अभिनंदन करून सर्वजण आपापल्या कामास निघून जातात.

दर वर्षी निकालाच्या दिवशी पॉवर हाउसच्या बाजारात पेढ्यांच्या दुकानांवर गर्दी होते. ज्या घरात त्या दिवशी पेढे आणले जात नाहीत, त्या घरातील माणसांनी मुलास त्या रात्री काही विचारू नये. दुसऱ्या दिवशी गुणपत्रिका समोर ठेवून विषयवार आकडे वाचावेत, पूरक परीक्षेच्या अर्जाची तारीख शोधावी, आणि सहा किंवा सात वर्षांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. सोळा वर्षांच्या मुलापुढे एवढी वर्षे असतात. ती कोणत्या वाटेने खर्च करावयाची, एवढाच निर्णय बाकी असतो.